मागे कोण बसलंय?

विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो खिडकीची झडप चार वेळा वर-खाली करतो, पुढच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड खरोखर वाचतो, आणि आर्मरेस्टवरचं गोल बटण दाबून बघतो. मागच्या वर्षी मी या तिन्ही गोष्टी मनापासून केल्या!

झालं असं की, आमच्या टीमच्या गाडीचं डिझाईन प्रेझेंटेशन दिल्लीला होतं आणि ते नेमकं सबमिशनच्या आठवड्यात आलं. रेल्वेने जाऊन-येऊन तीन दिवस मोडले असते, म्हणून कॉलेजने मोठ्या मनाने मला आणि माझ्या रूम पार्टनरला विमानाने पाठवलं. पुणे ते दिल्ली, जेमतेम दोन तासांचा प्रवास. बटण दाबलं, पाठीने जोर दिला, सीट मागे गेली आणि मी थेट दिल्लीला उठलो. काय सुख होतं, काय सांगू!

परतीच्या विमानात मात्र चित्र पालटलं. परीक्षकांनी रिपोर्टमध्ये दुरुस्त्या सांगितल्या होत्या आणि रात्री बारापर्यंत तो मेल करायचा होता. पार्टनरची सीट लांब पुढे होती, म्हणून त्याने आपला लॅपटॉप माझ्या हवाली केला. (घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला. तो स्वतः झोपतो कसाही, पण लॅपटॉप पांघरूण घालून झोपवतो.) मी ट्रे उघडला, लॅपटॉप मांडला, सस्पेन्शनचा तक्ता उघडला आणि तेवढ्यात पुढची सीट धाडकन मागे आली. स्क्रीनची वरची कड पुढच्या पाठीतल्या खाचेत अडकली, 'कट्' असा आवाज झाला आणि डाव्या बाजूची बिजागरी गेली.

आता यावर शहाण्या माणसाने काय करावं? बोलावं. मी काय केलं? तोंडाने एक शब्द न काढता दोन्ही गुडघे पुढच्या सीटला लावले आणि ढकलत राहिलो. एकदा नाही, चांगली वीस मिनिटं. पुढच्या गृहस्थांनी दोनदा मान वळवून बघितलं, तेव्हा मी खिडकीबाहेर ढग बघत होतो. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण या चार इंचांच्या प्रकरणाने माझ्या डोक्यात असं घर केलं की परत आल्यावर मी त्यामागचं यंत्र, गणित, अर्थशास्त्र सगळं वाचून काढलं. (एवढा अभ्यास थिअरी ऑफ मशिन्सचा केला असता तर!) तोच हा लेख.

बटणाच्या आत काय असतं?

इकॉनॉमी वर्गातल्या सीटचं यंत्र आपल्या सेकंड इयरच्या ज्ञानात सहज बसतं. बटण दाबलं की सायकलच्या ब्रेकसारखी एक वायर ओढली जाते. ती सीटखालच्या एका छोट्या हायड्रॉलिक सिलिंडरची झडप उघडते. झडप उघडी असेपर्यंत तेल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाऊ शकतं, म्हणून पाठीचा भार पडला की सीट मागे जाते. बटण सोडलं की झडप बंद, तेल जागच्या जागी कोंडलं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे सीट तिथेच घट्ट थांबते. सरळ करायची असेल तर पाठ टेकवायची नाही, नुसतं बटण दाबायचं. स्प्रिंग तिला पुढे आणते.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. या लॉकला दात नसतात. तो अमुक ठिकाणीच थांबेल असं नसतं. एक इंच, दोन इंच, अडीच इंच, बटण सोडाल तिथे तो थांबतो.

आता थोडी भूमिती. सीटची पाठ खाली, बसायच्या गादीजवळ, एका बिंदूभोवती फिरते. तिथपासून पाठीचं वरचं टोक साधारण ७५ सेंटीमीटर धरा. वरचं टोक ४ इंच, म्हणजे १० सेंटीमीटर मागे गेलं, तर कोन होतो जेमतेम पावणेआठ अंशांचा. समरूप त्रिकोण शाळेतलेच आहेत. फिरण्याच्या बिंदूपासून १५ सेंटीमीटर उंचीवर गुडघे असतील, तर तिथे पाठ फक्त २ सेंटीमीटर सरकते. ट्रेच्या पातळीला, म्हणजे २५ सेंटीमीटरवर, ती सव्वातीन सेंटीमीटर सरकते. ट्रेवर उघड्या लॅपटॉपच्या स्क्रीनचं टोक जवळजवळ ४८ सेंटीमीटरवर येतं, तिथे साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास. आणि मागच्याच्या चेहऱ्यासमोर पूर्ण नऊ-दहा सेंटीमीटर!

म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाचे गुडघे जितके बोंबलतात तितकी जागा तिथली जात नाही. खरी जागा जाते ती डोळ्यांसमोरची आणि लॅपटॉपची. ट्रेचे दांडे सहसा सीटच्या खालच्या सांगाड्याला जोडलेले असतात, पाठीला नाही. त्यामुळे पाठ मागे आली तरी ट्रे सपाट राहतो, चहा सांडत नाही. पण ट्रे आणि पाठ यांच्यातलं अंतर कमी होतं आणि लॅपटॉप जात्यात सापडतो. उंच माणसाची गोष्ट मात्र वेगळी. त्याचे गुडघे आधीच पाठीला टेकलेले असतात, तिथे २ सेंटीमीटरही फार झाले.

जाता जाता आणखी एक. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी हवाई सुंदरी सीट सरळ करायला लावते, तो तिचा शिष्टाचार नव्हे, सुरक्षेचा नियम आहे. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता देताना असं सिद्ध करावं लागतं की, अर्धीच दारं वापरूनही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. धावपळीच्या वेळी मागे झुकलेली सीट मागच्या ओळीचा रस्ता अडवते. याच कारणाने आपत्कालीन दाराच्या पुढच्या ओळीतली सीट बहुधा मागे जातच नाही. तेव्हा तिथे 'माझी सीट खराब आहे' म्हणून तक्रार करू नका. माझ्या पार्टनरने केली होती.

चार इंचांचं भांडण आलं कुठून?

एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, याला सीट पिच म्हणतात. आजच्या इकॉनॉमी वर्गात ते साधारण २८ ते ३२ इंच असतं. जेट विमानांच्या सुरुवातीच्या दशकांत ते याहून जास्त होतं. मग कमी का झालं? हिशेब करून बघा. ए-३२० जातीच्या विमानात ३० ओळी आणि १८० सीट्स आहेत असं धरू. प्रत्येक ओळीतून फक्त १ इंच काढला तर ३० इंच मोकळे होतात. ३० इंच म्हणजे एक अख्खी नवी ओळ, म्हणजे प्रत्येक फेरीला सहा जादा तिकिटं! तिकीट स्वस्त होण्यामागे हाही एक हिशेब आहे हे विसरू नका. नाहीतर माझ्यासारखा हॉस्टेलवासी विमानात बसलाच नसता.

पण गंमत अशी झाली की, ओळी जवळ आल्या तरी बटण बऱ्याच ठिकाणी तसंच राहिलं. कंपनीने पुढच्याला सांगितलं, 'ही सीट मागे जाते.' मागच्याला सांगितलं, 'ही जागा तुमची.' म्हणजे तीच चार इंच जागा दोघांना विकली! आपल्याकडे एकच प्लॉट दोघांना विकला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे विकणारा बाजूला राहतो आणि भांडतात दोन गिऱ्हाइकं.

काही कंपन्यांनी यावर आपापले उपाय काढले. युरोपातल्या रायनएअरने मागे जाणाऱ्या सीट्स ठेवल्याच नाहीत. ब्रिटिश एअरवेजने २०१८ मध्ये जवळच्या पल्ल्याच्या नव्या विमानांसाठी तोच मार्ग धरला. यात भांडण मिटतं, शिवाय यंत्राचं वजन आणि दुरुस्तीही वाचते. अमेरिकेच्या डेल्टाने २०१९ मध्ये काही ए-३२० विमानांत पाठ ४ इंचांऐवजी २ इंचच मागे जाईल अशी सोय केली.

प्रवाशांनीही इंजिनिअरिंग लढवलं! २००३ साली अमेरिकेतल्या एका उंच गृहस्थाने 'नी डिफेंडर' नावाच्या प्लॅस्टिकच्या दोन चिमट्या बाजारात आणल्या. ट्रेच्या दांड्यांवर त्या अडकवल्या की पुढच्याची सीट मागे येऊच शकत नाही. बहुतेक कंपन्यांनी त्यांना बंदी केली. २४ ऑगस्ट २०१४ रोजी नेवार्कहून डेन्व्हरला जाणाऱ्या युनायटेडच्या विमानात एकाने त्या लावल्या. पुढच्या बाईंनी चिडून त्याच्यावर पाणी फेकलं, आणि वैमानिकाने विमान शिकागोला उतरवून दोघांना खाली काढलं. बाकीचे प्रवासी दीड तासाहून जास्त उशिरा पोचले. आणि हे दोघे बसले होते कुठे? जास्तीचे पैसे मोजून मिळणाऱ्या, पायांना जादा जागा असलेल्या ओळींमध्ये! पुढच्या आठ-दहा दिवसांत अशाच भांडणांवरून अमेरिकेत आणखी दोन विमानं वाटेत उतरवावी लागली.

नंतर २०२० मध्ये अमेरिकेतलाच एक व्हिडिओ जगभर फिरला. शेवटच्या ओळीतला एक माणूस पुढच्या बाईंच्या सीटवर मागून सतत ठोसे मारतोय. त्याची स्वतःची सीट मागे जात नव्हती. जगाने तो व्हिडिओ बघून हसून घेतलं. मी बघितला तेव्हा मला हसू आलं नाही. वीस मिनिटं मी दुसरं काय करत होतो?

मग जागा नक्की कुणाची?

अर्थशास्त्रात रोनाल्ड कोस नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. १९९१ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. १९६० च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधातलं म्हणणं ढोबळमानाने असं: दोन माणसांच्या हक्कांची टक्कर होते तेव्हा 'कोण कुणाला त्रास देतो' हा प्रश्न एकतर्फी नसतो. पुढचा मागे आला तर मागच्याला त्रास, त्याला अडवलं तर पुढच्याला त्रास. वाटाघाटीला काही खर्च पडत नसेल, तर हक्क सुरुवातीला कुणालाही द्या, देवाणघेवाण होऊन तो शेवटी ज्याला त्याची जास्त किंमत वाटते त्याच्याकडेच जाईल.

कागदावर झकास आहे. पण २०१४ च्या त्या भांडणानंतर बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या कायद्याच्या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी लोकांना विचारून पाहिलं. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा सहा तासांचा प्रवास आहे अशी कल्पना करा, म्हणाले. मागे जाण्याचा हक्क पुढच्याचा असेल, तर तो सोडायला लोक सरासरी ४१ डॉलर मागत होते. मागचे मात्र सरासरी १८ डॉलरच द्यायला तयार. मग प्रश्न उलटा केला: हक्क मागच्याचा. आता मागचे तो सोडायला ३९ डॉलर मागू लागले आणि पुढचे १२ डॉलरच द्यायला तयार! माणसं तीच, जागा तीच. पण 'माझं' म्हटलं की किंमत दुप्पट-तिप्पट.

त्याच प्राध्यापकांना पुढे आणखी एक गोष्ट आढळली आणि ती मला सगळ्यात आवडली. पैशांऐवजी मागच्याने एखादं पेय किंवा खाऊ देऊ केला, तर ७८ टक्के लोक सीट मागे न घ्यायला तयार झाले. पैसे दाखवले की माणूस दुकानदार होतो. चहा विचारला की तोच माणूस शेजारी होतो!

रेल्वेत हे भांडण कसं मिटतं?

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ म्हणजे रेल्वेतला मिडल बर्थ. तो टाकला की खालच्याला ताठ बसता येत नाही. न टाकला तर मधल्याने झोपायचं कुठे? रेल्वेने यावर वेळेचा नियम केला आहे. २०१७ च्या परिपत्रकापासून झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. एरवी बाकीच्यांना बसू द्यायचं. आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना सांभाळून घ्या, असंही त्यात म्हटलं आहे.

पण खरं सांगा, झेलममधून जाताना तुम्ही कधी परिपत्रक दाखवून बर्थ टाकला आहे का? तिथे कुणीतरी विचारतं, 'काकू, तुमचं जेवण झालं का? मग टाकू या का बर्थ?' काकू म्हणतात, 'पाचच मिनिटं हं', आणि वर एक लाडूही देतात. नियम पाठीशी उभा असतो, काम मात्र विचारण्याने होतं.

मग हीच माणसं विमानात अशी का वागतात? मला सुचलेलं उत्तर साधं आहे. रेल्वेत आपण समोरासमोर बसतो. ज्याला त्रास होणार त्याचा चेहरा दिसत असतो. विमानात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला! मी ज्याच्या अंगावर सीट टाकतो तो माझ्या पाठीमागे असतो, आणि ज्याच्यावर चिडतो त्याचं मला फक्त टक्कल दिसतं. भिडेला डोळे लागतात, आणि ते तिथे मिळत नाहीत. म्हणून जी गोष्ट रेल्वेत आपोआप होते ती विमानात मुद्दाम करावी लागते: मागे वळून बघावं लागतं.

तर मग काय करायचं?

पुढे बसलेल्यांसाठी:

१. बटण दाबण्याआधी मागे बघा. उघडा लॅपटॉप, गरम चहा, मांडीवर मूल किंवा सहा फुटी माणूस दिसला तर 'थोडी मागे घेऊ का?' एवढं विचारा. २०२० च्या त्या व्हिडिओनंतर डेल्टाच्या प्रमुखांनीही हेच सांगितलं होतं: हक्क आहेच, पण आधी विचारणं बरं.

२. सीट हळू घ्या. अंग टाकू नका. मागच्याला हात आवरायला दोन सेकंद मिळाले तरी पुष्कळ आहे.

३. जेवणाच्या वेळी सीट सरळ. कुणी सांगायची वाट बघू नका.

४. दिवसाचा दीड-दोन तासांचा प्रवास असेल तर खरंच गरज आहे का बघा. रात्रीच्या लांबच्या प्रवासात सगळेच मागे घेतात, तिथे संकोच नको.

मागे बसलेल्यांसाठी:

५. पुढच्याला सीट मागे घेण्याची सोय कंपनीने दिलेली आहे. तो गुन्हा करत नाही. अडचण असेल तर तोंडाने सांगा. गुडघ्याने नको! गुडघ्याची भाषा कुणाला कळत नाही, फक्त लागते.

६. उठताना पुढच्या सीटची पाठ धरून लोंबकळू नका. आपल्या आर्मरेस्टवर जोर देऊन उठा. पुढचा झोपलेला असतो.

७. उंच असाल किंवा काम करायचं असेल तर सीट निवडतानाच विचार करा. आपत्कालीन दाराच्या ओळीत पायांना जागा जास्त असते. शेवटच्या ओळीत मागे भिंत असल्याने सीट सहसा मागे जात नाही.

८. जमलंच नाही तर हवाई सुंदरीला बोलवा. चिमट्या, ठोसे, पाणी हे आपले विषय नव्हेत.

आणि शेवटी...

वीस मिनिटं गुडघे खाल्ल्यावर त्या गृहस्थांनी शेवटी वरची घंटी दाबली. हवाई सुंदरी आली. आता ते तक्रार करणार म्हणून मी भांडायला तयार होऊन बसलो. पण ते तिला नुसतं म्हणाले, की मागच्या मुलाला काहीतरी अडचण आहे असं दिसतंय, जरा विचारता का? मग स्वतःच कष्टाने मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाळा, गुडघा लागतोय म्हणून विचारतो. मणक्याचं ऑपरेशन झालंय माझं. सरळ बसून राहवत नाही रे फार वेळ."

मी लॅपटॉप दाखवला. रिपोर्टचं सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी बोलायचं नाही का?" आणि बटण दाबून, हवाई सुंदरीच्या आधाराने, सीट निम्मी पुढे घेतली. स्क्रीन मोकळी झाली. त्यांची पाठही टेकलेली राहिली. मघाशी म्हटलं ना, त्या लॉकला दात नसतात, तो मध्ये कुठेही थांबतो? वीस मिनिटं आम्ही दोघं 'पूर्ण मागे' आणि 'पूर्ण पुढे' यांच्यात अडकलो होतो, आणि यंत्र बिचारं पहिल्यापासून मधल्या जागेला तयार होतं.

पुण्याला उतरताना ते उभे राहिले तेव्हा शर्टाखालचा कमरेचा पट्टा दिसला. माझी मान खाली. त्यांचं लक्ष मात्र लॅपटॉपकडे गेलं. "बिजागरी तुटली की काय? माझ्यामुळे?" मी म्हटलं, "नाही नाही काका, ती आधीचीच आहे." माझ्या पार्टनरची हरकत नसेल तर एवढं एक खोटं मला माफ असावं. दुरुस्तीचे पैसे मी दोन महिने मेसबाहेरचा वडापाव बंद ठेवून भरले.

पण त्या बिजागरीपेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचते. जाताना मी पूर्ण प्रवासभर सीट मागे टाकून झोपलो होतो. माझ्या मागे कोण बसलं होतं? कुणी आजारी, कुणी माझ्यासारखा रिपोर्ट लिहिणारा? मला आजही माहीत नाही, कारण मी एकदाही वळून बघितलं नाही.

परवा मुंबईहून शिवनेरीने येत होतो. पुशबॅक सीट, डोळ्यांवर झोप. हात लिव्हरवर गेला आणि थांबलो. वळून बघितलं तर मागे एक आजी, मांडीवर पिशवी. विचारलं, "आजी, सीट थोडी मागे घेऊ का?"

आजी हसल्या. पिशवी बाजूला ठेवत म्हणाल्या, "घे की रे बाबा! त्यात विचारायचं काय एवढं?"